लाल रेघ नसलेली पानं

निवडणुकीच्या बूथवर मतदान अधिकारी क्रमांक एकच्या पुढ्यात जी मतदार यादी असते तिला आम्ही ड्युटीवाले मार्क कॉपी म्हणतो. माणूस आत आला, ओळखपत्र दाखवलं, नाव मोठ्यानं वाचलं गेलं, एजंटांनी आपापल्या यादीत टिक केली की त्या नावावर लाल पेननं रेघ पडते, आणि बाई असेल तर शेजारी अजून एक खूण. मी शाळेत शिकवते त्यामुळं ही ड्युटी काय चुकत नाही. ७ मे २०२४ ला लोकसभेच्या तिसऱ्या टप्प्यात सांगलीचं मतदान झालं तेव्हा मी शहरातल्या एका बूथवर क्रमांक दोनला होते, म्हणजे डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावायची, १७-अ या मतदारांच्या नोंदवहीत सही किंवा अंगठा घ्यायचा आणि चिठ्ठी देऊन पुढं पाठवायचं. दुपारी गर्दी ओसरल्यावर शेजारच्या सरांच्या पुढ्यातली यादी नुसती चाळत होते तर काही पानं लालच लाल दिसत होती आणि काही पानं जवळजवळ कोरी. एकच बिल्डिंग, एकच आडनाव, घरातली पाच-पाच माणसं, आणि एकाच्याही नावावर रेघ नाही. अशी घरं एकामागनं एक.

आणि शाळेच्या मागच्या वस्तीचं पान दुपारपर्यंत भरत आलेलं.

ऊन होतं, नाही कोण म्हणतंय, सांगलीतला मे महिना आहे तो. पण बाहेर मांडव होता, पाण्याचे जार होते, ओआरएसची पाकिटं होती, म्हाताऱ्यांसाठी व्हीलचेअर होती, आणि त्या बिल्डिंगा शाळेपासनं चालत पाच मिनिटांवर. मतदान केंद्र शक्यतो दोन किलोमीटरच्या आत असावं असा आयोगाचा निकष आहे, शहरात तर ते पुढच्याच गल्लीत असतं. तरी त्या पानांवरची माणसं सहापर्यंत आली नाहीत.

आली ती वेगळीच माणसं. सहाला दहा मिनिटं कमी असताना चार-पाच हमाल आले, सुट्टीचा दिवस असूनसुद्धा कुठल्या तरी गोदामात हळदीची गाडी भरायचं काम निघालं होतं म्हणे, ते संपवून थेट तिकडनंच आलेले. अंगावर, केसात, नखांत सगळीकडं हळदीची पिवळी धूळ. बोट स्वच्छ असल्याशिवाय शाई नीट धरत नाही म्हणून मी एकेकाची तर्जनी ओल्या फडक्यानं पुसत होते, फडकं पिवळं होत होतं, आणि त्यातला एकजण बोट पुढं धरून शांतपणे म्हणाला, "बाई, घासा की चांगलं, निघाली नाय पायजे." सहा वाजले की रांगेतल्या शेवटच्या माणसापासनं पुढं अशा उलट्या क्रमानं चिठ्ठ्या वाटतात, म्हणजे नंतर कोणी मागं घुसू नये. आमच्या बूथची पहिली चिठ्ठी या हमालांतल्याच एकाला गेली, कारण तो सगळ्यात मागं होता.

बरोबर तीन दिवसांनी, १० मेला अक्षय्य तृतीया होती. सोनं तेव्हा तोळ्याला सत्तर हजारांच्या पुढं गेलेलं. नणंदेबरोबर सराफाकडं गेले तर बाहेर रांग, आत कुपन घेऊन बसायचं, नंबर पुकारला की काउंटर. ऊन तेच. वेळ तर बूथपेक्षा कितीतरी जास्त, आमच्या बूथवर दुपारी माणूस दहा मिनिटांत मोकळा होत होता, इथं दीड-दोन तास कुणी हूं की चूं केलं नाही, लेकरं कडेवर घेऊन बाया उभ्या होत्या, हसत होत्या. मला त्या गर्दीचा राग वगैरे अजिबात आला नाही, सणाला गुंजभर सोनं घेणारी बाई वर्षभर पै-पै बाजूला टाकत असते हे मला माहितीय. पण डोक्यात ती कोरी पानं होती म्हणून नणंदेला विचारलं, मंगळवारी मत द्यायला गेला होतात का गं?

"नाही हो वहिनी," ती म्हणाली. "जाऊन काय फरक पडणार? तिथं उन्हात नंबर लावून हातात काय येतं? इथं निदान वळं तरी येतं."

मी तिथं वाद घातला नाही. कारण ती आळशी नाही, बेफिकीर तर मुळीच नाही. त्या एका वळ्यासाठी तिनं तीन दुकानांत मजुरी विचारली होती, एक दुकानदार घडणावळीत सूट देतो सांगून दर कसा वर लावतो हे तिनं पकडलं होतं, काउंटरवर भिंग मागून हॉलमार्क बघितला, आणि १ एप्रिल २०२३ पासनं जो सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, सक्तीचा झालाय तो मोबाईलवर बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून खरा आहे का तेसुद्धा तिनं स्वतः तपासलं. एवढी चिकित्सा करणारी बाई. उमेदवाराची कुंडलीसुद्धा अशीच मोबाईलवर बघता येते हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. अर्जासोबत जे प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सगळं असतं, सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळं २००३ पासनं ते सगळ्यांना बघायला मिळतं, आणि त्या निवडणुकीला तर आयोगाचं नो युवर कँडिडेट नावाचं अॅपच होतं. हॉलमार्क तपासायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ती मतदारसंघातल्या दोघातिघांचे कागद वाचून मोकळी झाली असती, आणि मला खात्री आहे, माझ्यापेक्षा चांगल्या खोड्या काढल्या असत्या.

पण तिचा प्रश्न खरा आहे. हातात काय येतं?

यावर मी खूप विचार केलाय आणि मला जे वाटतं ते असं, की जे मत देऊन मागायचं ते आपण हळूहळू पाकीट काढून विकत घ्यायला लागलोय, आणि एकदा विकत घेतलं की मागायची गरज वाटत नाही. सांगलीत याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. शेरीनाला घ्या. शहराचं सांडपाणी शेरीनाल्यातनं कृष्णेत मिसळतं, आणि तीच कृष्णा आपण पितो. हा विषय मी लहान असल्यापासनं प्रत्येक निवडणुकीत ऐकतेय, ते पाणी उचलून धुळगावकडं शेतीला द्यायची योजना झाली, त्यावर खर्च झाला, भाषणं झाली, आणि नाल्याचं पाणी नदीत मिसळल्याच्या बातम्या काय थांबल्या नाहीत. मग आपण काय केलं? आरओ बसवला. माझ्या ओळखीतल्या बहुतेक घरांत भिंतीवर आरओ आहे, त्याचं वर्षाचं मेंटेनन्स आहे, फिल्टर बदलायला पोरगा एक दिवस उशिरा आला तर आपण कंपनीला तीन फोन करतो. हे फोन करायची जी ताकद आहे ना, ती नदीसाठी वापरायची होती. पण आपल्या घरातलं पाणी स्वच्छ झालं, आपला प्रश्न मिटला, आणि शेरीनाला ज्याच्या घरात आरओ नाही त्याचा प्रश्न होऊन बसला.

लाइट जाते तर इन्व्हर्टर. रस्ता खराब तर उंच चाकांची गाडी. नगरपालिकेची शाळा बरी नाही तर फी भरून दुसरी शाळा, आणि मी शाळेतच आहे म्हणून सांगते, ज्या दिवशी गल्लीतल्या शिकलेल्या घरांनी पोरं काढून घेतली त्या दिवसापासनं त्या शाळेच्या गळक्या छपराबद्दल नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडणारं कोणी उरलं नाही. यात कुणाची चूक काढायची नाहीये मला, पोराच्या आयुष्याचा प्रश्न असतो, आईबाप थांबणार कसे. पण ती कोरी पानं कुठल्या बिल्डिंगांची होती आणि लाल पानं कुठल्या वस्तीची, याचा अर्थ मला असाच लागतो. ज्याच्याकडं विकत घ्यायला पैसे नाहीत त्याच्याकडं मत सोडून मागायचं दुसरं साधनच नाही, म्हणून तो बोट पुसून घेऊन शाई लावायला येतो.

आणि मग २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर आला की सगळ्यांना एका मापानं मोजतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका ४५, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. आधी नेहमीप्रमाणे सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड, मग बघता बघता गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड. ज्या रस्त्यांवर आपण दिवाळीची खरेदी करतो ते रस्तेच पाण्याखाली. पाणी उतरल्यावर दुकानदारांनी शटर उचलली तेव्हा आतनं जो माल निघाला तो ज्यानं बघितलाय तो विसरणार नाही, चिखलात बरबटलेले साड्यांचे गठ्ठे, फुगलेली वह्या-पुस्तकं, धान्याची पोती कुबट वास मारतायत, आणि रस्त्याच्या कडेनं त्याचे ढीग. बंगल्यातला आरओ, इन्व्हर्टर, सोफा, फ्रीज सगळं गेलं, वस्तीतली ट्रंक आणि गादी पण गेली. पाऊस प्रचंड होता हे खरंच आहे, पण पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी कुणी दिली, नाले बुजवून त्यावर प्लॉट कसे पडले, धरणातनं पाणी सोडण्याचा मेळ कोण घालतं, हे सगळे निर्णय निवडून दिलेल्या माणसांच्या आणि त्यांनी नेमलेल्या माणसांच्या टेबलावरनं जातात. कोरडी गल्ली कुठल्या दुकानात मिळत नाही, कितीही पैसे असू देत.

त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं आणि चार दिवसांनी धनत्रयोदशी. पूर ओसरून अडीच महिने झालेले, भिंतीवरची पाण्याची रेघ अजून ओली असल्यासारखी दिसायची. पेठेनं कमाल केली, कर्ज काढून माल भरला, लोकांनीही मनापासनं खरेदी केली, आपल्या माणसाचं दुकान परत उभं राहावं म्हणून मिरजेची, विटा-तासगावची माणसं मुद्दाम सांगलीत आली. मला त्याचा आजही अभिमान वाटतो. पण त्या सोमवारी राज्यात मतदान झालं ते ६१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एवढ्या पुरानंतरच्या निवडणुकीतसुद्धा शंभरातली जवळजवळ चाळीस माणसं घरीच. आणि जुलै २०२१ ला पाणी परत आलं.

मला कुणी म्हणतं, मॅडम लोकांना राजकारणाचाच वीट आलाय. असेल. पण मग आमच्याच जिल्ह्यात साखर कारखान्याची निवडणूक लागली की काय होतं ते बघा. सभासद असलेला म्हातारा सलाइन काढून आल्याची गोष्ट प्रत्येक गावात ऐकायला मिळते, पुण्या-मुंबईची पोरं गाड्या करून येतात. ग्रामपंचायतीला तर ऐंशी टक्क्यांच्या पुढं मतदान ही काय बातमीच नसते. त्याला कारण आहे, कारखान्याच्या सभासदाला पक्कं माहिती असतं की आपल्या उसाला तोड कधी मिळणार, टोळी कधी येणार, दर किती पडणार हे त्या संचालक मंडळावर ठरतं. मतापासनं उसापर्यंतचा दोर दिसतो त्याला. २०२४ च्या विधानसभेला तर शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात करवीरमध्ये ८४ टक्क्यांच्या वर मतदान झालं आणि त्याच दिवशी मुंबईत कुलाब्यात ४४ च्या आसपास. शहरी माणूस जोडून सुट्टी काढून फिरायला जाऊ नये म्हणून आयोगानं मुद्दाम बुधवार निवडला होता, तरी.

आणि शहरात तो दोर नाही असं नाही, आपण बघत नाही. २०२५ च्या नवरात्रातली गंमत आठवा, १५ ऑगस्टच्या भाषणात जीएसटी कमी होणार म्हणल्यावर गणपतीत लोकांनी टीव्ही-एसीची खरेदी थांबवून धरली आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, एसी, मोठे टीव्ही, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाक्या, छोट्या कार यांचा कर २८ वरनं १८ टक्क्यांवर आला तेव्हा विश्रामबागेतल्या शोरूमसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. त्या वर्षातला सगळ्यात मोठा डिस्काउंट कुठल्या कंपनीनं दिला नाही. तो जीएसटी कौन्सिलनं दिला, तिथं केंद्राच्या अर्थमंत्र्यांसोबत प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो, मतांचं दोन तृतीयांश वजन राज्यांकडं असतं, आणि त्या मंत्र्याला तिथं बसवणारी विधानसभा आपण निवडतो. आधीचे २८ टक्के पण तिथंच ठरले होते. नणंदेला हे सांगितलं तेव्हा मात्र ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, हे असं कुणी सांगत नाही हो.

अजून एक गोष्ट मला फार आत लागते. स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीपर्यंत मत सगळ्यांना नव्हतंच, जमिनीचा सारा भरणारा, घर-मालमत्ता असणारा, शिकलेला, अशांनाच होतं. म्हणजे ज्याच्याकडं काहीतरी आहे तोच मतदार. याच भागात १९४३ पासनं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, येडेमच्छिंद्रचा माणूस, आणि त्यात जीव धोक्यात घालणाऱ्या कितीतरी शेतमजुरांना ब्रिटिशांच्या कायद्यानं मतच नव्हतं. १९५१-५२ ला पहिल्यांदा एकवीस वर्षांच्या प्रत्येकाला मिळालं. त्या वेळी देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतनं काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच नोंदवलं होतं. दुकानात आजही ज्याचं पाकीट जाड त्याला आधी खुर्ची आणि चहा मिळतो, ते तसंच असणार, तो व्यापार आहे. आमच्या बूथवर मात्र पिवळ्या धुळीतला हमाल आणि त्याच गोदामाचा मालक, दोघांना एकेकच बटण. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं होतं की राजकारणात समानता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विरोधात आपण पाऊल टाकतोय. ती विषमता तर काय गेली नाही. निदान समानतेची जी एक जागा हातात आहे ती आपण आपणहून सोडून द्यायची?

बरं, न आलेला प्रत्येकजण आळसानं आला नाही असंही नाही. लग्न होऊन सासरी आलेल्या पोरींचं बघा, आधारवर पत्ता बदललेला असतो, ऑनलाइन मागवलेलं पार्सल सासरच्या दारात बिनचूक येतं, आणि मतदार यादीत नाव अजून माहेरच्या गावात. ८ नंबरचा फॉर्म भरला की पत्ता बदलतो, मोबाईलवरनं भरता येतो, नवीन नावासाठी ६ नंबर, आणि आता वर्षातनं चार तारखांना अठरा पूर्ण झालेल्यांचा विचार होतो, जानेवारीची वाट बघत बसावं लागत नाही. मी दहावीच्या निरोप समारंभात आता हेच सांगते, पोरं हसतात, हसू देत. स्थानिक निवडणुकांचं तर सरकारनं आणि कोर्टातल्या तारखांनीच वाटोळं केलं, २०२२ पासनं कितीतरी झेडप्या, नगरपालिका प्रशासकाच्या हातात राहिल्या, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची मुदत २०२३ ला संपली आणि तिथंही प्रशासक आला. गटार तुंबलं तर जायचं कुणाकडं हेच लोकांना कळेना. ज्या निवडणुकीत प्रभागातल्या थोड्या मतांनी सगळं फिरतं तीच वर्षानुवर्षं झाली नाही तर सवय मोडणारच. याचा जाब मागायला पाहिजे, आणि तो मागायची ताकदसुद्धा मतदान करणाऱ्यालाच जास्त असते, कारण उमेदवाराचा माणूस हिशोब करताना आधी कुठल्या बूथवर किती मतदान झालं तेच बघतो. जी बिल्डिंग मत देत नाही तिच्या गटाराची त्याला फिकीर का असावी?

शेवटी आमच्या पुण्यातल्या पोरांचं. माझे कितीतरी विद्यार्थी हिंजवडी, खराडीला नोकरीला आहेत, नावं सगळ्यांची सांगली-मिरज-तासगावला. दिवाळीला धडपडून येतात, मतदानाला येत नाहीत, विचारलं की म्हणतात मॅडम सुट्टी कोण देणार आणि गाडी कुठं मिळते. सुट्टीचं उत्तर कायद्यात आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५-ब कलमानं मतदाराला त्या दिवशी पगारी सुट्टी द्यावीच लागते, खासगी कंपनीलासुद्धा, आणि न देणाऱ्या मालकाला दंड आहे, तेव्हा एचआरला मेल टाकताना ते कलम लिहा. गाडीचं मात्र त्यांचं खरं आहे. दिवाळीत स्वारगेटवरनं जादा गाड्या सुटतात, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी नेमकं उलटं होतं, एसटीच्या गाड्या आम्हालाच, मशीनच्या पेट्या आणि कर्मचारी बूथवर न्यायला लागतात, त्यामुळं रोजच्या फेऱ्याच कमी होतात. दूरस्थ मतदानाचं यंत्र आयोगानं २०२२ च्या डिसेंबरात पुढं आणलं होतं, ते अजून वापरात आलेलं नाही. तोपर्यंत बाकीच्या विभागांतनं गाड्या मागवा, खासगी भाड्यानं घ्या, पण मतदानाच्या आदल्या रात्री स्वारगेट ते सांगली, मिरज, विटा, ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर) जादा गाड्या लावा आणि मतदान झालं की त्या रात्री अकरापर्यंत परतीच्या पण लावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांचं लॉगिन असतं. जिल्हाधिकारी कार्यालयात स्वीपची, म्हणजे मतदार जागृतीच्या कार्यक्रमाची, मीटिंग होते तेव्हा रांगोळी स्पर्धा आणि प्रभातफेरीच्या आधी हा विषय घ्या, आम्ही शिक्षक कुठली पोरं कुठं आहेत त्याच्या याद्या करून द्यायला तयार आहोत.